पायाखालचं खाजण

खैराच्या काट्यात सदरा अडकतो आणि तुम्ही थांबता. समुद्र कुठेच दिसत नाही. परळच्या चढावरून माझगावच्या दिशेने उतरलात तरी पायाखाली कोरडी माती. काळ हजारो वर्षांपूर्वीचा. हे रान पुढे बुडणार, चिखलात गाडलं जाणार. 1870 च्या दशकात माझगावला प्रिन्सेस डॉक खणताना मजुरांच्या पहारींना शेकडो झाडं लागतील, त्यातली बरीचशी मुळांवर तशीच उभी. जमीन खचली की समुद्र चढला, यावर जाणकार वाद घालत बसतील.

चढू दे पाणी. सहाव्या शतकाच्या सुमारास परळ बेटावर कुणीतरी एकाच प्रचंड शिळेतून शिवाच्या अनेक मूर्ती घडवतंय. छिन्नीचा आवाज ऐका आणि पुढे चला. ही शिळा 1931 साली रस्त्याच्या कामात सापडेल आणि बारादेवीच्या देवळात जाईल.

1780. इथे मात्र थांबायला हवं, कारण यानंतर हे दिसणार नाही. तुम्ही परळच्या पश्चिम उतारावर आहात. समोर, जिथे पुढे लोअर परळच्या गिरण्या उठतील तिथे, खाजण आहे. तिवरांची मुळं, खेकड्यांची बिळं, कुजक्या चिखलाचा वास. पाऊल टाकाल तर पोटरीपर्यंत रुताल. भरती लागते तसं वरळीच्या खिंडारातून पाणी आत येतं, घाई न करता, सगळ्या सखल भागावर पसरतं. वरळी वेगळं, माझगाव वेगळं, परळ वेगळं. सहा तासांनी पाणी परत जातं. या जागेला पाणी नवीन नाही, नवीन आहोत ते आपण.

1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने ते खिंडार बुजवलं. समुद्र थांबला, पण जमिनीची पातळी वाढली नाही. ती भरतीच्या पाण्याहून खालीच राहिली. मग शंभर वर्षं भराव चालला, त्यात शहराचा केरकचराही. त्या भरावावर गिरण्या आल्या, मागोमाग चाळी. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात डोकावा: संशोधक हाफकिन प्लेगची लस तयार करतायत. गव्हर्नरसाहेब केव्हाच मलबार हिलला गेलेत. ज्यांना जमीन निवडता आली ते चढावर गेले, हे लक्षात ठेवा.

1972. गिरणीचा भोंगा झालाय, पाळी सुटलीय. तुमच्या डोक्यावरून अमेरिकेचा नवा लँडसॅट उपग्रह जातो. साधारण 80 मीटरपेक्षा लहान वस्तू त्याला धड दिसत नाही. तुमची खोली तर सोडाच. तरी जमिनीवर माती किती, झाडं किती, बांधकाम किती, हे पुढची पन्नास वर्षं अशाच चित्रांवरून मोजलं जाईल. 1982 चा संप होईल, गिरण्या पडतील, टॉवर चढतील. उघड्या मातीत जे पाणी मुरायचं, ते आता थेट गटाराकडे धावेल.

29 ऑगस्ट 2017. परळजवळचा हिंदमाता चौक. पाणी मांडीला लागलंय. शेजारचे काका नालेसफाईवाल्यांना शिव्या घालतायत, आणि त्यांचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं: जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटीच्या हिशेबाने. हा चौक बशीसारखा खोलगट. भरतीचं पाणी गटाराच्या तोंडापेक्षा वर आलं की नाला आरशासारखा साफ असला तरी उपयोग शून्य.

आता आजच्या पावसाळ्यात या. हिंदमाताचं पाणी पंपांनी उचलून परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखालच्या टाक्यांत साठवतात. पंपावरच्या माणसाला विचारा, टाकी कधी रिकामी करणार? तो आधी ओहोटीची वेळ सांगेल.