रोगी आप्त असतो का? गिरणगावातला सोमवार आणि हकीकत घेण्याचा इतिहास



मुंबईच्या कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात थोडा वेळ उभे राहिले की एक वाक्य कानावर पडते: 'हिस्ट्री घेतली का?' मोठे डॉक्टर निवासी डॉक्टरांना विचारतात, निवासी डॉक्टर विद्यार्थ्यांना. मराठीत 'रोगेतिहास' असा भारदस्त शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. आणि गंमत बघा, हिस्ट्री नेहमी 'घेतली' जाते. रोगी ती 'देतो' असं कुणी म्हणत नाही. रोग्याकडे असते ती 'तक्रार'. 'काय तक्रार आहे?' असाच प्रश्न असतो. म्हणजे रोगी तक्रार करणार आणि डॉक्टर तिचा इतिहास करणार, अशी ही वाटणी आहे.

आज आपल्याला याच वाटणीकडे बघायचे आहे. रोगी स्वतःच्या आजाराविषयी जे सांगतो ते ज्ञान आहे, की फक्त ज्ञानाचा कच्चा माल? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण त्याचे उत्तर परळ-लालबागमध्ये हजारो माणसांच्या छातीशी जोडलेले होते. म्हणून आधी थोडे शास्त्र बघू आणि मग गिरणगावात जाऊ.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग ओळखण्याची तीन साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. तिथे प्रत्यक्षाची चर्चा करताना एक फार नेमकी गोष्ट येते. वैद्याने डोळे, कान, नाक, स्पर्श ही सगळी इंद्रिये वापरावीत, पण जीभ वापरता येत नाही. रोग्याच्या तोंडाची चव कशी आहे हे वैद्य चाखून बघू शकत नाही. ते रोग्याला विचारूनच कळायचे. म्हणजे वैद्य कितीही निष्णात असला तरी एक दार असे आहे की त्याची किल्ली रोग्याकडेच आहे.

मग रोग्याच्या या सांगण्याला दर्जा कोणता? चरकाच्या लेखी आप्त म्हणजे रज-तमापासून मुक्त झालेला थोर पुरुष. त्या व्याख्येत तापाने फणफणलेला माणूस कसा बसणार? पण न्यायदर्शनात वेगळी वाट सापडते. वात्स्यायन आपल्या भाष्यात म्हणतो की ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट करतो. हे फार मोठे विधान आहे. आप्तपणा जातीवर, विद्येवर, पदवीवर ठरत नाही. दोनच अटी: माहीत असणे आणि खरे सांगण्याची इच्छा असणे. या व्याख्येने गिरणीतला कामगार स्वतःच्या छातीबद्दल आप्त ठरू शकतो.

आता युरोपात जाऊन येऊ, कारण धंद्याचा प्रश्न तिथून येतो. इटलीतल्या मोडेना इथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसच्या परंपरेत रोग्याला बरेच प्रश्न विचारायचे असतात. त्यांत रामाझ्झिनीने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? ताग-अंबाडीसारखे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आणि धाप त्याने टिपून ठेवली होती. एका साध्या प्रश्नाने रोगाचे कारण शरीराच्या आतून उठून कारखान्यात गेले.

आपल्या मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झाले. तिथल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. दवाखाना चालवणारे, कुष्ठरोगावर वनौषधीचे प्रयोग करणारे भाऊ दाजी शिलालेख आणि नाणीही वाचत. इतिहास या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदत होते. झिजलेल्या शिलालेखावर कुणी 'तू नीट बोलत नाहीस' असे रागावत नाही. तुटलेले अक्षर पुन्हा पुन्हा बघितले जाते. ओपीडीतल्या रोग्याच्या वाट्याला ही सबुरी क्वचित येते.

१८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा भाग गिरणगाव झाला. इथल्या माणसांची सरकारी वैद्यकाशी मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती १८९६ च्या प्लेगात. ती गाठ विचारपूस करणारी नव्हती. झडत्या होत्या, सक्तीने हलवणे होते, उघड्यावर काखा-जांघा तपासणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. लोक आजारी माणसे लपवू लागले. वात्स्यायनाच्या भाषेत, पहिली अट शाबूत होती, माणसाला आपला आजार माहीत होता; पण दुसरी अट, सांगण्याची इच्छा, ती राज्यकर्त्यांनीच मारून टाकली. धाकाने हकीकत मिळत नाही, हा त्या साथीचा धडा.

पुढे १९२६ साली परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही देणगीमागची अट होती. आपण ती राष्ट्रवादाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण हकीकतीच्या बाजूने बघितले तर आणखी एक गोष्ट झाली. गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात असे एक शिकवणारे रुग्णालय उभे राहिले, जिथे 'छाती कोंडते', 'धाप लागते', 'उबळ येते' यांतला फरक दुभाष्याशिवाय कळू शकत होता.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. गाठी फोडून कापूस साफ करण्याचे ब्लोरूम आणि पिंजून पेळू करण्याचे कार्डिंग, या खात्यांत धूळ सगळ्यांत जास्त. या आजाराची खूण विलक्षण आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन कामगार पुन्हा कामावर गेला की त्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, श्वास पुरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. वर्षे जातात तसा त्रास आठवड्याच्या इतर दिवशीही होऊ लागतो आणि शेवटी कायमचा मुक्काम करतो. ब्रिटनमध्ये शिलिंग यांनी १९५० च्या दशकापासून या आजाराच्या ज्या पायऱ्या ठरवल्या, त्या कामगाराच्या उत्तरांवरच उभ्या आहेत: पहिल्या दिवशी कधीमधी, प्रत्येक पहिल्या दिवशी, पहिल्या आणि इतर दिवशीही, आणि मग कायमची अक्षमता.

एक्स-रेत या आजाराची स्वतःची अशी खूण दिसत नाही. फुंकणीच्या यंत्रावर पाळीच्या आधी आणि पाळीनंतर श्वास मोजला तर घट दिसू शकते, पण त्यासाठीही योग्य दिवशी, गिरणीच्या दाराशी मोजावे लागते. आणि तो योग्य दिवस कोणता, हे सांगणार कोण? कामगारच. चरकाची तोंडाची चव इथे सोमवारची छाती होऊन पुन्हा भेटते.

या सोमवारालाही एक इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विश्रांतीसाठी मागितलेली ती सुट्टी नकळत रोगनिदानाचे साधन बनली. रविवारच नसेल तर सोमवार वेगळा कसा कळणार? रोज धुळीतच असलेल्या माणसाची छाती रोजचीच असते; तिच्यात बोट ठेवायला खाच नसते. हकीकत सांगता येण्यासाठी आयुष्यात काही फरक पडावा लागतो, आणि तो फरक इथे कामगार चळवळीने मिळवून दिला.

मग अडले कुठे? केसपेपरावर. 'दम लागतो' असे माणूस म्हणाला की 'दमा' लिहिणे सोपे. 'विडी ओढता का?' या प्रश्नाला 'हो' आले की कारणही मिळाले, पुढचे विचारायची गरजच उरत नाही. विडीने नुकसान होते, धुळीच्या त्रासात भरही पडते, यात शंका नाही. पण विडीला सोमवार-मंगळवार कळत नाही. नेमका हा भेद करायला वेळ द्यावा लागतो. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दिला. कापडगिरणीतल्या कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून, बिसिनोसिस आणि श्वासनलिकांचा इतर जुनाट विकार वेगळे कसे ओळखायचे, यावरचे त्यांचे संशोधन १९८१ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर लेख आला. भरपाईच्या आणि राज्य विम्याच्या कायद्यांच्या परिशिष्टांत या रोगाचे नाव होते. म्हणजे रोग कायद्याला माहीत होता. पण कायद्यातल्या नावापर्यंत कामगाराने पोचायचे तर मध्ये कुणीतरी 'त्रास कुठल्या वारी होतो?' असे विचारलेले असावे लागते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. भरपाई मिळणार असेल तर माणूस खोटे सांगणार नाही का? वात्स्यायनाची दुसरी अट मोडणार नाही का? मोडू शकते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, लोभ जसा हकीकत फुगवतो तशी भीती ती दाबते. बदली कामगाराला छातीचे दुखणे सांगणे म्हणजे उद्याची पाळी घालवणे. गिरणगावात या दुसऱ्या बाजूचे वजन कमी नव्हते. दोन, मनाने रचून सांगणारा काय सांगेल? आठवडाभर राबून शनिवारी जीव जातो, असंच सांगेल ना? व्यवहारी बुद्धीला तेच पटते. सुट्टी घेऊन आल्यावर जास्त त्रास होतो, ही गोष्ट रचून सुचण्यासारखी नाही. आता कुणी पढवले तर? तर इतिहासकार जे करतो ते करायचे: दुसऱ्या साधनाशी ताडून बघायचे. खाते कोणते, किती वर्षे, शेजारच्या साच्यावरचा काय म्हणतो, यंत्रावरचा श्वास काय म्हणतो. संशय घ्यावाच, पण तो ऐकून झाल्यावर. ऐकण्याऐवजी नव्हे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण फुप्फुसे माणसाबरोबरच गेली. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी कोकणात परतला. अशा माणसाला 'काय करता?' विचारले तर उत्तर येणार 'वॉचमन' किंवा 'घरीच असतो'. कार्डिंगची वीस-पंचवीस वर्षे त्या एका शब्दाखाली गाडली जातात. वर्तमानकाळात विचारलेला प्रश्न भूतकाळ आणून देत नाही. 'आधी काय करत होता? कुठल्या खात्यात? किती वर्षे?' असे तीन प्रश्न लागतात. फार तर दोन मिनिटांचे काम आहे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: रोगी सर्वज्ञ नसतो. आपल्याला कोणता रोग झाला हे त्याला ठाऊक नसते, आणि कारणाबद्दल तो चुकूही शकतो. पण काय होते, कधी होते, कुठे असताना होते, याबाबतीत तो आप्त आहे. त्याच्या शब्दाला तक्रारीचा नव्हे, प्रमाणाचा दर्जा द्यायला हवा. आज सभागृहात काही वैद्यकीय विद्यार्थी दिसत आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: परळ-लालबागचा साठी-सत्तरीचा माणूस धाप घेऊन समोर बसला, तर स्टेथोस्कोप लावण्याआधी त्याला त्याच्या गिरणीचे नाव विचारा. मग तो बोलू लागेल, आणि बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त बोलेल. ते लिहून घ्या.

इथे थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.