बोंडले, चिमटा आणि दोन काड्या



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो संपावर, बोनसवर, गेला बाजार महागाईवर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खरी ठरते. आज आम्ही विषय घेतला आहे तो जेवणाच्या काड्यांचा. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या देशांतील माणसे ज्या दोन काड्यांनी जेवतात त्या काड्या. आणि ज्यांना त्या अजून धरता येत नाहीत अशा लहान मुलांसाठी व नवशिक्यांसाठी त्या सोप्या कशा करण्यात आल्या, त्याची ही हकीकत आहे. विषय दूरचा वाटेल. अलिबागच्या समुद्रावर संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात, पण तेथेही नूडल्स काट्याने खाल्ल्या जातात. तथापि कोणतेही हत्यार हाती आले की आम्ही त्याला दोन प्रश्न विचारतो. ते कोणाच्या हाताच्या मापाने घडवले आहे? आणि ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसायला कोणाला सवड आहे? जेवणाच्या काडीला हे प्रश्न विचारले म्हणजे उत्तरे शोधत आपण पुन्हा आमच्या किनाऱ्यावरच येऊन पोचतो.

आरंभ घरच्या वस्तूपासून करू. बोंडले आता पुष्कळ घरांतून माळ्यावर गेले आहे. होडीसारखी खोलगट चिमुकली वाटी, तिला एका अंगाने निमुळती चोच. तान्ह्या मुलाला मांडीवर आडवे घ्यायचे, चोच ओठाशी टेकवायची आणि मनगट किंचित कलते करायचे, की दूध थेंबाथेंबाने तोंडात जाते. ज्या मुलाला ओढून पिण्याची ताकद नाही, त्याच्यासाठी हे भांडे घडवलेले आहे. त्याला कोपरा नाही, झाकण नाही, नळी नाही. राख लावून घासले, उकळत्या पाण्यातून काढले की झाले. कोणा कासाराने ते पहिल्यांदा ठोकले, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. हत्यारे घडवणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याची चालच नव्हती.

आता काडीकडे वळू. चिनी माणूस पहिल्यापासून काड्यांनी भात खात आला असे आपण समजतो. वस्तुतः तसे नाही. आन्यांग येथील उत्खननात ब्राँझच्या काड्या सापडल्या आहेत, त्या सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच्या. पण त्या काळी काड्यांचा उपयोग मुख्यतः उकळत्या भांड्यातील पदार्थ ढवळण्यासाठी व बाहेर काढण्यासाठी होत असावा, असे जाणकारांचे मत आहे. पुढे 'लीजी' नावाच्या प्राचीन आचारग्रंथात जेवणाचे नियम आले. रश्शात भाजी असेल तर काड्या वापराव्यात, धान्य मात्र काड्यांनी खाऊ नये, असे तो ग्रंथ सांगतो. एका भांड्यातून अनेकांनी जेवताना हात घामट नसावेत, असेही त्यात आहे. म्हणजे तेव्हाचा चिनी माणूस तुमच्याआमच्यासारखाच हाताने घास घेत होता! त्याच ग्रंथात मुलांविषयी एक वाक्य आहे: मूल स्वतःचे स्वतः खाऊ लागले की त्याला उजवा हात वापरायला शिकवावे. ही शिकवण तर आमच्या प्रत्येक आजीच्या तोंडी आहे.

या काड्यांची एक राजकीय गोष्टही आहे, आणि ती सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. हान फेइ या तत्त्वज्ञाने ती लिहून ठेवली आहे. शांग वंशाच्या शेवटच्या राजाने हस्तिदंती काड्या करवून घेतल्या, तेव्हा त्याचा एक शहाणा मंत्री घाबरला. त्याचा हिशेब असा, की हस्तिदंती काड्या मातीच्या वाडग्याशी शोभणार नाहीत, मग जेडचे पेले येतील. जेडच्या पेल्यात साधी भाजी शोभणार नाही, मग दुर्मिळ मांस येईल. मग रेशीम आणि महाल. आणि हे सारे कोणाच्या पाठीवर, ते तुम्हाला सांगायला नको. राज्य बुडाले.

काडीचे आजचे चिनी नाव मात्र राजवाड्यातून आलेले नाही, ते नावाड्यांनी दिलेले आहे. जुन्या 'चू' या नावाचा उच्चार 'थांबणे' या अर्थाच्या शब्दासारखा होई. होडीवर थांबण्याचे नाव कोण काढील? म्हणून नावाड्यांनी त्याच्या उलट अर्थाचे, म्हणजे 'जलद' या अर्थाचे 'क्वाइ' हे नाव वापरायला आरंभ केला, अशी नोंद 15 व्या शतकातील एका चिनी लेखकाने केली आहे. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणणाऱ्या आणि दुकान बंद न करता वाढवणाऱ्या आम्हा लोकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

काड्या धरणे अवघड का जाते? दोन्ही काड्या हलतात असा नवशिक्याचा समज असतो, आणि तेथेच घोटाळा होतो. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर ठेवायची असते. वरची तेवढी लेखणीसारखी धरून हलवायची. नवशिक्याच्या हातात खालची काडी डळमळते, दोन्हींची टोके एका रेषेत येत नाहीत, आणि दाब दिला की काड्या एकमेकींवर चढून कातरीसारख्या होतात. घास निसटतो. शेजारचे हसतात. माणूस म्हणतो, आपल्या हाताला हे जमायचे नाही.

परंतु येथे नुसता हात पाहून चालणार नाही, सगळा स्वयंपाक पाहिला पाहिजे. काडीने कापता येत नाही, म्हणून मांस-भाजी चुलीपाशीच सुरीने बारीक होऊन येते. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो, त्याचा गोळा उचलता येतो. वाडगा हाताने तोंडाशी नेण्याची मुभा असते, म्हणून घासाचा प्रवास दोन विती नसून चार बोटांचा राहतो. आता आपला मोकळा शिजलेला कोलम घ्या, त्यावर माशाचे पातळ कालवण ओता, ताट पाटापुढे जमिनीवर ठेवा, आणि एखाद्या जपानी गृहस्थाला काड्या देऊन बसवा. जन्मभर काड्यांनी जेवलेला तो माणूसही नवशिका ठरेल! तळकोकणात पेज पिण्यासाठी फणसाचे पान दुमडून त्याला काडी टोचून चमचा करतात. पेज पातळ, म्हणून पान खोलगट. अन्न जसे असेल तसे हत्यार, आणि हत्यार जसे असेल तसा हात वळतो.

जपानात मुलाच्या काडीचा विचार मापापासून केलेला दिसतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणली म्हणजे त्यांच्या टोकांमध्ये जे अंतर पडते, त्याच्या दीडपट लांबीची काडी त्या हाताला योग्य, असा तेथला जुना ठोकताळा आहे. आपल्याकडे या मापाला टीच म्हणतात. ज्याची टीच 15 सेंटिमीटर, त्याला साडेबावीस सेंटिमीटरची काडी. ज्या पोराची 8, त्याला 12 ची. मूल वाढले की काडी बदलायची. मूल सुमारे 100 दिवसांचे झाले की आपल्या उष्टावणासारखा विधी होतो, तेव्हा काडीचे टोक नुसते त्याच्या ओठांना लावतात.

ही मापाची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आमच्या माहितीतल्या एका कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये बायांना पुरुषी मापाचे रबरी हातमोजे दिले जात. बोटांच्या टोकांशी अर्धा इंच रबर लोंबे. त्या मोज्यांनी कोळंबीची साल पकडता येईना, म्हणून बाया मोजे काढून ठेवीत. मग काटे टोचत, बर्फाच्या पाण्याने बोटांची कातडी सोलवटे. मुकादम म्हणे, बायकांना शिस्त नाही. लहान मापाचे मोजे आणवल्यावर ही बेशिस्त आठवड्यात नाहीशी झाली.

काड्यांची टोके जुळत नसतील, तर त्यांची मागची टोके जोडून टाकावीत, ही युक्ती नव्या जमान्यातली समजली जाते. पण जपानात धार्मिक विधींमध्ये बांबूची एकच पट्टी मध्यावर वाकवून केलेली काडी वापरण्याची फार जुनी चाल आहे. ती दिसायला हुबेहूब आपल्या चुलीजवळच्या चिमट्यासारखी. काम तेच आणि तत्त्वही तेच: टेकू एका टोकाला, जोर मध्ये, घास दुसऱ्या टोकाला. हॉटेलात आलेल्या अनोळखी पाहुण्यासाठी काड्यांचा कागदी वेष्टनाची घडी दोन काड्यांमध्ये सारून वरून रबर गुंडाळतात, तोही हाच चिमटा. दोन पैशांचे रबर, आणि परका माणूस पंगतीत बसतो.

या शतकाच्या आरंभापासून कोरिया-जपानात मुलांसाठी प्लास्टिकच्या शिकाऊ काड्या फार खपू लागल्या. मागे त्या जोडलेल्या असतात आणि बोटे अडकवायला कड्या असतात. कोणते बोट कोठे, ते कडीच सांगते. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळ्या मिळतात, हे आम्हाला विशेष आवडले. यावर आक्षेप असा, की जोडलेल्या काडीवर वाढलेले मूल चिमटा दाबायला शिकते, एक काडी स्थिर ठेवायला शिकत नाही. जोड काढली की पुन्हा पहिला दिवस. हा आक्षेप खोटा नाही. पण भुकेल्या पोराला पहिल्या दिवशी घास मिळणे यालाही काही मोल आहे, असे आम्हाला वाटते.

सोपे हत्यार वरून लादले तर काय होते, तेही जपाननेच पाहिले. महायुद्धानंतर तेथील शाळांत पाव, दूध आणि रस्सा असे दुपारचे जेवण मिळे, आणि पुष्कळ ठिकाणी मुलांना टोकाला दाते असलेला एकच चमचा देत. स्वस्त, धुवायला सोपा, चमचाही तोच आणि काटाही तोच. पुढे 1970 नंतर पालक कुरकुरू लागले, की मुले ताटात तोंड घालून जेवतात आणि त्यांना काड्या धरता येत नाहीत. 1976 साली शाळेच्या जेवणात भात अधिकृतपणे आला, त्यामागोमाग काड्याही परतल्या. आमच्याकडे शालेय पोषणाची योजना 15 ऑगस्ट 1995 ला निघाली, आणि शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. आमची मुले हाताने जेवतात. तेव्हा आमच्या शाळेतले जेवणाचे हत्यार म्हणजे पाण्याचा नळ आणि साबणाची वडी. चमच्यांची चर्चा करण्यापूर्वी तो नळ वाहतो की नाही ते पाहावे.

आता दुसरा प्रश्न, सवडीचा. कडीची काडी काय करते? आईने किंवा आजीने मुलाच्या बोटांवर आपली बोटे ठेवून जे शिकवायचे, ते ती शेजारी कोणी नसताना शिकवते. ती इतकी खपली याचे एक कारण आम्हाला येथे दिसते. हत्यार चांगले, पण ते कोणाची तरी जागा भरून काढत असते. हेच काम पूर्वी एका दुसऱ्या हत्याराने अत्यंत वाईट रीतीने केले. 19 व्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची दुधाची बाटली निघाली. बाटली बाजूला ठेवायची, नळी तान्ह्याच्या तोंडात द्यायची आणि आपल्या कामाला लागायचे. वापरायला याहून सोपे काही नव्हते. परंतु नळी आतून घासता येत नसे. त्यात दूध नासे, आणि मुले मरत. लोक तिला खुनी बाटली म्हणू लागले. फ्रान्सने 1910 साली अशा बाटल्यांना कायद्याने बंदी केली.

आमच्या मुंबईच्या गिरण्यांत तर नळीचीही गरज पडली नाही. कामावर जाण्यापूर्वी बाळाला अफूची बाळगोळी चाटवून निजवून ठेवीत. 1920 नंतरच्या काळात कामकरी बायांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स बाईंनी ही चाल सरकारच्या नजरेस आणली. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तासांच्या पाळीत मुलाजवळ बसायला त्यांना कोणी अर्धा तास दिलेला नव्हता.

अर्ध्या तासाची ही गोष्ट आमच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. 1979 साली ज्यांच्या जन्माला 100 वर्षे झाली, ते नारायण मल्हार जोशी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्याच परिषदेत बाळंतपणाविषयीचा करार मंजूर झाला, आणि अंगावर पाजणाऱ्या कामकरी आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मिळावा, असे त्यात ठरले. हिंदुस्थानने तो करार स्वीकारला नाही. जोशींनी 1924 साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात आणले, ते नापास झाले. मुंबई कौन्सिलात 1928 साली असे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि 1929 साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. दूध पाजण्याच्या दोन सुट्ट्या, मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत, सबंध देशासाठी 1961 च्या कायद्यात आल्या. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या ठेवल्या आहेत. बाटल्यांच्या जाहिरातींना 1992 च्या कायद्याने आळा घातला. आणि कमी वजनाच्या ज्या बाळांना अंगावर पिता येत नाही, त्यांना वाटीने, चमच्याने किंवा चोचीच्या वाटीने पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली सांगितले. चोचीची वाटी म्हणजे आमचे बोंडलेच. तिकडे तिचे तमिळ नाव चालते, इतकेच.

बोंडल्याने एक वाटी दूध पाजायला घाई करून चालत नाही. आमच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलण्याची मजुरी पुष्कळ ठिकाणी वजनावर मिळते. पाजायला उठलेल्या बाईला मुकादम अडवत नाही, तिची हजेरीही कापत नाही. परंतु तेवढ्या वेळात तिच्या टोपलीत कोळंबी पडत नाही, आणि संध्याकाळी काट्यावर ती सुट्टी तिच्याच पदरची निघते. या दोन सुट्ट्यांचे पैसे तिच्या रोजच्या सरासरी वजनावरून धरावेत, अशी मागणी आम्ही एका शेडपुढे लेखी ठेवली आहे. मालक म्हणतात, हिशेब अवघड आहे. आम्ही वजनाची वही आणि पेन्सिल घेऊन पुन्हा जाणार आहोत.