आधी रेषा, मग रस्ता

मराठीत 'वाट' आणि 'रस्ता' हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांची क्रियापदे निराळी आहेत. वाट 'पडते', रस्ता 'काढला' किंवा 'आखला' जातो. माणसांच्या पावलांनी, गुरांच्या खुरांनी आणि गाडीच्या चाकांनी जमिनीचा कल पाहून जे ठरवले, ती वाट. रस्त्यामागे मात्र कोणाचा तरी निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्याने ती जमीन पाहिलेली असेलच असे नाही. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीत, गेल्या दोन शतकांत जे घडले ते समजून घ्यायला हा भेद उपयोगी पडतो, असे आम्हांला वाटते.

उदाहरणादाखल आपण 'यू. एस. २८१' हा एकच महामार्ग घेऊ. टेक्सासच्या दक्षिण टोकाला मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ तो सुरू होतो आणि ओक्लाहोमा, कॅन्सास, नेब्रास्का व साउथ डकोटा ओलांडून नॉर्थ डकोटात कॅनडाच्या सीमेला भिडतो. लांबी सुमारे ३,००० किलोमीटर. १९२६ साली अमेरिकेत महामार्गांना क्रमांक देण्याची जी पद्धत स्वीकारली गेली, तीत दक्षिणोत्तर मार्गांच्या वाट्याला विषम आकडे आले. २८१ हा त्यांतलाच. त्याचा बराचसा भाग ९८ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास राहतो. वॉल्टर प्रेस्कॉट वेब या इतिहासकाराने 'द ग्रेट प्लेन्स' (१९३१) या ग्रंथात पावसाळी, वृक्षाच्छादित पूर्व आणि कोरडा, उघडा पश्चिम यांची सीमा साधारण याच रेखांशावर मानली होती. म्हणजे हा रस्ता शेतीच्या शाश्वतीच्या काठाकाठाने जातो.

साहित्याच्या अभ्यासकाला या मार्गाचा जो तुकडा ओळखीचा वाटेल, तो नेब्रास्कातला, कॅन्सासच्या हद्दीपासून रेड क्लाउड या लहानशा गावातून उत्तरेकडे जाणारा. विला कॅथर १८८३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, व्हर्जिनियातून या परिसरात आल्या. 'माय अँटोनिया' (१९१८) या कादंबरीतले ब्लॅक हॉक म्हणजे हेच रेड क्लाउड. महामार्गाने गावात शिरताना रिपब्लिकन नदी लागते आणि गाव सोडल्यावर रस्ता कॅथर यांच्या 'डिव्हाइड'वर, दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर, चढतो.

मात्र रस्त्याची दिशा नदीने किंवा उंचवट्याने ठरवलेली नाही. तिचे मूळ १७८५ च्या एका कायद्यात आहे. नव्या प्रदेशाची विक्री करण्यापूर्वी त्याची मोजणी व्हावी, ६ मैल बाजूचे चौरस पाडावेत आणि अशा प्रत्येक चौरसाचे १ चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भाग करावेत, असे तो कायदा सांगतो. या भागाला 'सेक्शन' म्हणतात. १८५४ साली कॅन्सास आणि नेब्रास्का हे प्रदेश स्थापन झाले आणि लवकरच ४० अंश उत्तर अक्षांशावरून त्यांच्या मोजणीला आरंभ झाला. तीच रेषा या दोन राज्यांची हद्द आहे, आणि रेड क्लाउडच्या दक्षिणेला काही मैलांवर महामार्ग तिला छेदतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला सेक्शनचा चौथा हिस्सा, १६० एकर, मिळू लागला. दोन सेक्शनांमधल्या रेषा रस्त्यांसाठी राखल्या गेल्या. डकोटा प्रदेशाने १८७१ साली अशा सर्व रेषा सार्वजनिक रस्ते म्हणून घोषित केल्या. नेब्रास्काच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. आधी रेषा, मग कुंपण आणि शेवटी रस्ता, असा हा क्रम. कोणी चालण्यापूर्वीच रस्त्याची जागा ठरून गेली होती.

नेब्रास्कातल्या या रस्त्यांची रुंदी ६६ फूट धरलेली आहे. हा आकडा आला मोजणीदारांच्या गुंटर-साखळीवरून. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे याच साखळीच्या निम्मी. चाळीस गुंठ्यांचा एकर बसतो तो त्यामुळेच. माप एका घराण्यातले असले तरी वापर उलटा आहे. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापुरापासून जी जमीनमोजणी सुरू झाली, तिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते होती. सर्व्हे नंबर त्यांच्यावर नंतर बसले. प्रेअरीत आकडा आधी आला आणि शेताने त्याच्या आकाराचे व्हायचे होते.

अर्थात पृथ्वीने या चौकोनांना सहज दाद दिली नाही. ती गोल असल्यामुळे दक्षिणोत्तर रेषा उत्तरेकडे एकमेकींच्या जवळ येत जातात आणि चौरस वरच्या बाजूला अरुंद होऊ लागतात. म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीच्या रेषा आखून तिथून माप नव्याने सुरू करावे लागले. परिणामी सरळ चाललेला रस्ता अशा जागी थबकतो, थोडा बाजूला सरतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. मोटारी आल्यावर त्या काटकोनांची वळणे झाली. सपाट माळावरच्या अशा वळणाचे कारण आसपास शोधून सापडत नाही. ते नकाशात असते.

या कोऱ्या मानलेल्या कागदावर आधीच्या वाटा होत्याच. रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात पॉनी लोकांची गावे आणि शिकारीचे मुलूख होते. १८३३ च्या तहाने प्लॅट नदीच्या दक्षिणेची जमीन त्यांच्या हातून गेली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. १८७१ साली वसलेल्या गावाला नाव मिळाले ते पॉनींशी वैर असलेल्या लाकोटांच्या सरदाराचे. कॅथर यांच्या कादंबरीत या लोकांविषयी फारसे काही येत नाही. हा आक्षेप रास्तच आहे. तरीही 'माय अँटोनिया'त पहिले हलके बर्फ पडते तेव्हा गवतात एक मोठे वर्तुळ उमटते. इंडियन लोक तिथे घोडे फिरवत, असे घरातली माणसे सांगतात. चौकोनांच्या प्रदेशातली ही गोल खूण निवेदकाच्या मनात राहते, पण तो तिच्याविषयी फार विचारत नाही. आमच्या मते ते दृश्य आणि ते न विचारणे, दोन्ही वाचायला हवे.

'ओ पायोनियर्स!' (१९१३) मध्ये काटकोनात जाणारे पांढरे रस्ते समृद्धीची खूण म्हणून येतात. पाच वर्षांनी मात्र कॅथर यांची नजर नांगराखाली गेलेल्या वाटेकडे वळते. कादंबरीच्या अखेरीस निवेदकाला कुंपणाआडच्या कुरणात जुन्या गाडीवाटेचा अर्धाएक मैल शिल्लक दिसतो. बाकीची वाट नवे रस्ते आखले गेले तेव्हा मिटली.

त्याहून महत्त्वाचे आहे शिमेर्दांच्या थडग्याचे स्थान. बोहेमियातून आलेला हा हळवा वादक आत्महत्या करतो. त्याची बायको हट्टाने त्याला जमिनीच्या कोपऱ्यात पुरायला लावते, जिथे पुढे सेक्शनच्या रेषांवरचे दोन रस्ते एकमेकांना छेदणार आहेत. आत्मघात केलेल्यांना चव्हाट्यावर पुरण्याची युरोपातील जुनी रूढी तिच्यामागे आहे. पण रस्ते होतात तेव्हा ते त्याच्यावरून जात नाहीत. दोन्ही किंचित वळतात आणि मधे न कापलेल्या गवताचे बेट राहते.

या प्रसंगाचे मूळ १८८१ सालच्या एका खऱ्या मृत्यूत आहे. अँटोनियाचे पात्र जिच्यावरून घडले, त्या ॲना सादिलेकच्या वडिलांचा तो मृत्यू. त्यांनाही शेताच्या कोपऱ्यात पुरले होते. पुढे त्यांचे अवशेष रेड क्लाउडच्या दफनभूमीत हलवले गेले. वास्तवात मृताला जागा सोडावी लागली, कादंबरीत रस्त्याने ती सोडली. हा फरक केवळ भावुकतेचा नव्हे. त्या रेषेला पृथ्वीच्या गोलाईसाठी दुरुस्ती करावी लागली होती. एका परक्या, पराभूत माणसासाठीही तिने तशीच दुरुस्ती करायला हवी होती, ही मागणी कॅथर यांनी कथेत नोंदवली.

आज महामार्गालगत, कॅन्सासच्या हद्दीला लागून, कॅथर यांच्या नावाने सुमारे ६१० एकर गवत राखलेले आहे. त्या जमिनीला नांगर लागलेला नाही. क्षेत्रफळ एका सेक्शनाहूनही थोडे कमी. ही कादंबरी शिकवताना त्या भागाचा मोजणी-नकाशा विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा. शिमेर्दांच्या थडग्यापाशी रस्ते वळले यात एवढे काय, हे त्यांना तो नकाशा पाहिल्यावरच कळेल.