विधवेच्या नावाची बाटली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी पाककृती येतात, व्रतांची माहिती येते आणि थोर स्त्रियांची चरित्रेही येतात. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ह्यांच्यावर आपल्या भगिनींनी फार चांगले लिहिले आहे. यंदा मी एका परदेशी बाईची हकीकत सांगणार आहे. तिचा धंदा ऐकून काही जणी नाक मुरडतील, कारण ती फ्रान्समध्ये शँपेन नावाची उंची वाइन करीत असे. ज्या गावांत 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान झाले, तिथे बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. मी स्वतः मद्याचा थेंब चाखलेला नाही. तेव्हा हा लेख दारूच्या स्तुतीचा नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवते.

माझा भाचा मुंबईला एका मोठ्या हॉटेलात नोकरीला आहे. एकदा तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे श्रीमंत लोक एक बाटली मागतात, तिचे नावच 'विधवा' आहे." मला ती थट्टाच वाटली. पण ते खरे निघाले. 'व्हव क्लिको' असे त्या बाटलीवर लिहिलेले असते आणि फ्रेंच भाषेत 'व्हव' म्हणजे विधवा. आपल्याकडे जो शब्द खाली आवाजात उच्चारतात, तो तिकडे पिवळ्या कागदावर ठळक छापलेला! हे मनातून जाईना. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाच्याने आणि माझ्या मुलीने वाचून अर्थ सांगितला, मी वहीत टिपून घेतले. ते आता मांडते.

फ्रान्सच्या उत्तर भागात शँपेन नावाचा प्रांत आहे. रीम्स हे तिथले मोठे शहर. ह्या प्रांतातल्या द्राक्षांची, तिथेच ठरलेल्या रीतीने केलेली फेसाळ वाइन तीच शँपेन. म्हणून आपल्या नाशिककडे होणाऱ्या फेसाळ वाइनला ते नाव लावता येत नाही. रीम्समध्ये १७७७ साली बार्ब-निकोल पोंसार्दँ ही मुलगी जन्मली. वडील कापडाचे मोठे कारखानदार. १७९८ साली तिचे लग्न फ्रांस्वा क्लिको ह्याच्याशी झाले. सासऱ्यांचाही मुख्य व्यापार कापडाचा, वाइन जोडधंद्यासारखी. फ्रांस्वाला मात्र वाइनचीच ओढ होती. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगी झाली आणि १८०५ साली फ्रांस्वा तापाने वारला. बार्ब-निकोल तेव्हा अवघी सत्तावीस वर्षांची होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या वेळी फ्रान्समध्ये नेपोलियनचा कायदा नुकताच आला होता. त्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून धंदा करता येत नसे, कोर्टात जाता येत नसे. सवाष्ण नवऱ्याच्या छायेत. विधवेला मात्र स्वतःच्या सहीने व्यवहार करण्याची मोकळीक होती. म्हणजे जिच्यावर आभाळ कोसळले, तिलाच कायद्याने हातपाय हलवू दिले. हा न्याय म्हणावा की थट्टा, हे वाचक भगिनींनीच ठरवावे.

सासरे दुःखाने धंदा बंद करायला निघाले होते. सुनेने त्यांना गळ घातली, की तो मला चालवू द्या. त्या म्हाताऱ्या गृहस्थाचे मोठेपण असे, की त्यांनी तिच्यावर विश्वास टाकून पैसा घातला. मात्र एका जाणत्या वाइनवाल्याबरोबर भागीदारीत चार वर्षे काम शिकावे असे ठरले. नेपोलियनच्या लढायांनी बंदरे बंद, गिऱ्हाइके तुटलेली, माल अडकलेला. चार वर्षांनी भागीदार निघून गेला, तरी ही खचली नाही. १८१० साली तिने स्वतःच्या नावाने दुकान मांडले. नावातच 'विधवा' हा शब्द घातला. लपवण्यासारखे काही तिला वाटले नाही.

१८११ साली आकाशात मोठा धूमकेतू कित्येक महिने दिसत होता. आपल्याकडे धूमकेतू म्हणजे अरिष्ट. तिकडे मात्र त्या वर्षी द्राक्षे अशी उतरली, की लोक त्या वाइनला 'धूमकेतूची वाइन' म्हणू लागले. आता ह्या सालाचे महत्त्व काय, ते सांगते. शँपेनचा मुलूख थंड, सगळीच वर्षे सारखी जात नाहीत. म्हणून एरवी निरनिराळ्या वर्षांच्या वाइन मिसळून चव सारखी राखतात आणि बाटलीवर साल घालीत नाहीत. एखादे वर्ष फारच चांगले गेले, तर त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची वाइन करून तिच्यावर साल छापतात. तिला 'व्हिंटेज' म्हणतात. आजच्या नियमाप्रमाणे तिला निदान तीन वर्षे मुरू द्यावे लागते, आणि चांगली घराणी त्याहूनही पुष्कळ जास्त थांबतात. लोणचे मुरले की नाही हे बरणीला विचारून चालत नाही, वाट पाहावी लागते, तसेच हे.

बाईने ती १८११ ची वाइन तळघरात सांभाळून ठेवली. १८१४ साली नेपोलियनची सत्ता गेली. इतर व्यापारी रशियाची वाट सरकारी हुकुमाने उघडेल म्हणून थांबले होते. हिने मात्र गुपचूप एक जहाज भाड्याने घेतले आणि १०,५५० बाटल्या बाल्टिक समुद्रातून कोनिग्सबर्ग बंदराकडे रवाना केल्या. उन्हाळ्यात बाटल्या फुटल्या असत्या, जहाज जप्त झाले असते, तर सासऱ्यांचा पैसा आणि मुलीचे भवितव्य दोन्ही बुडाले असते. माल सुखरूप पोचला आणि लोकांनी तो हातोहात उचलला. तिचे नाव रशियाच्या राजदरबारापर्यंत गेले.

पण मला तिचे सर्वांत मोठे काम वाटते ते वेगळेच. शँपेनमध्ये फेस येतो तो बाटलीतच. वाइन बाटलीत भरून तिच्यात साखर आणि यीस्ट घालतात. इडलीचे पीठ जसे रात्रीतून फुगते, तशी ती आतल्या आत आंबते. हवा कोंडते. तो दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहूनही जास्त असतो. मात्र आंबून झाल्यावर बुडाशी साका बसतो आणि बाटली हलली की सगळे गढूळ होते. पूर्वी वाइन एका बाटलीतून दुसरीत ओतून साका मागे ठेवीत, पण त्यात फेस निघून जाई. बाईने ह्यावर युक्ती काढली. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात टेबलाच्या फळीला तिरकी भोके पाडून त्यांत बाटल्या उलट्या, माना खाली करून बसवू लागले. तिने घरातले स्वयंपाकाचे टेबलच त्यासाठी दिले असे सांगतात. रोज प्रत्येक बाटली थोडीशी फिरवायची आणि हलकेच उभी करीत न्यायची. असे काही आठवडे केले की सगळा साका सरकत बुचापाशी येतो. मग बूच काढताच तो फटकन बाहेर पडतो आणि आत स्वच्छ निवळ राहते. हे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात, पण रीत तीच आहे. कण्या खाली बसू द्याव्या आणि निवळ वरून घ्यावी, हे तर आपण घरोघरी करतो. तिने तेच उलटे करून दाखवले. प्रतिस्पर्धी म्हणे बरीच वर्षे चडफडत होते, की ह्या बाईची वाइन इतकी स्वच्छ कशी.

मग बाटल्या वर्षानुवर्षे आडव्या ठेवतात, बूच ओले राहावे म्हणून. आपली 'आडवी बाटली' दुकान बंद करते, त्यांची किंमत वाढवते, एवढाच काय तो फरक! जुन्या सालांच्या बाटल्या जमवणारे शौकीन जगभर आहेत. त्यांना थंड, अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी ठेवतात. बाटली कोठे कोठे राहिली ह्याचा पुरावा नसेल तर किंमत पडते.

ह्यातली सर्वांत नवलाची गोष्ट २०१० सालची. फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांपाशी पाणबुड्यांना सुमारे पन्नास मीटर खोल एक बुडालेले जहाज सापडले. त्यातून शँपेनच्या १६८ बाटल्या वर आल्या. बुचांवरच्या खुणांवरून त्यांतल्या ४७ ह्या बाईच्या घराण्याच्या ठरल्या. सुमारे १७० वर्षे त्या थंड काळोखात पडून होत्या. जाणकारांनी चाखली तेव्हा पहिला वास ओल्या केसांसारखा आणि चीजसारखा आला. पण पेल्यात जरा फिरवल्यावर धुराचा, मसाल्याचा, चामड्याचा आणि फुलाफळांचाही गंध उघडला. शास्त्रज्ञांनी तपासले तर लिटरला सुमारे दीडशे ग्रॅम साखर निघाली. म्हणजे एका बाटलीत लहान वाटीभर! आजच्या नेहमीच्या 'ब्रूत' शँपेनमध्ये ती बारा ग्रॅमहून कमी असते. २०११ साली त्यांतली विधवा क्लिकोची एक बाटली लिलावात ३०,००० युरोंना गेली. तिच्या हयातीत तिच्या तळघरातून निघालेली ती बाटली. बाई १८६६ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन वारली. १९७२ साली घराण्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा तिच्या सन्मानार्थ 'ला ग्रांद दाम', म्हणजे 'थोर बाई', ह्या नावाने खास व्हिंटेज काढली. तिची पहिली बाटली १९६२ सालची. ती फक्त चांगल्या वर्षीच करतात.

तिच्यानंतर त्याच प्रांतात आणखी विधवा पुढे आल्या. लुईझ पॉमेरी हिने रीम्सखालच्या रोमन काळातल्या चुनखडीच्या खाणी जोडून मैलोगणती तळघरे केली आणि १८७४ च्या सालाची कमी गोड शँपेन काढून लोकांची आवडच पालटली. शेतात सांडलेली कणसे वेचणाऱ्या तीन गरीब बायकांचे मिले ह्या चित्रकाराचे प्रसिद्ध चित्र तिने विकत घेऊन राष्ट्राला दिले. आज ते पॅरिसच्या संग्रहालयात आहे. लिली बोलांजे १९४१ साली विधवा झाली. जर्मन फौजा गावात असताना ती सायकलवरून द्राक्षमळे पाहत हिंडे.

भगिनींनो, ह्या बायका श्रीमंत घरच्या होत्या, हे मी विसरलेले नाही. पाठीशी पैसा होता, सासरे समंजस होते. शिवाय क्लिकोबाईने धंदा शेवटी मुलीच्या हाती न देता आपल्या विश्वासू भागीदाराकडे सोपवला, हेही नोंदले पाहिजे. पण दोन गोष्टी मला सोडवत नाहीत. अंगात इतके कर्तृत्व असलेल्या बाईला ते दाखवायला नवरा मरेपर्यंत थांबावे लागले. आणि थांबणे संपल्यावर तिने आपल्या नावापुढचा तो शब्द खाली मान घालून नव्हे, तर मालकिणीसारखा लिहिला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद केले. आपल्या मंडळातही अशा भगिनी आहेत. हिशेब त्या चोख ठेवतात, सहलीची व्यवस्था त्याच पाहतात, पण हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात काम काढून बसतात. येत्या संक्रांतीला आमंत्रणाची यादी करताना सवाष्ण कोण आणि कोण नाही हा रकानाच काढून टाकावा, आणि वाण पहिल्याने त्यांच्या हाती द्यावे, एवढी माझी मंडळाला विनंती आहे.