एकोणचाळीस मिनिटं

नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की पुण्यातल्या निम्म्या आयटीवाल्यांच्या घरी जेवणाची वेळ बदलते. अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. न्यूयॉर्कची सकाळी अकराची मीटिंग अकरालाच राहते, आणि आपला रात्री साडेआठचा कॉल गुपचूप साडेनऊचा होतो. मार्चमध्ये परत उलटा प्रकार. बरं, हा नोव्हेंबरचा पहिला रविवार तरी कुठून आला? २००५ साली अमेरिकन काँग्रेसने ऊर्जेसंबंधी एक कायदा केला, तो २००७ पासून घड्याळांना लागू झाला. त्याआधी हे सगळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी व्हायचं. म्हणजे माझ्या ताटातली पोळी कोणत्या आठवड्यापासून गार होणार, हे वॉशिंग्टनमध्ये ठरतं!

मी ह्याबद्दल कुरकुर केली की टीममधले लोक म्हणतात, "अरे, घड्याळ आहे ते. त्याला आपण काय करणार?" तसं बघितलं तर खरं आहे. पण आपल्या मुंबईतच लोकांनी असल्या घड्याळाशी जवळपास पन्नास वर्षं भांडण केलंय, तेही फक्त एकोणचाळीस मिनिटांसाठी. ती गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही. म्हणून आज ती.

आधी थोडं गणित (घाबरू नका, चौथीचं आहे). पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंशाला चार मिनिटं. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले, हा हिशोब धरला तर प्रत्येक गावाची वेळ वेगळी. पुणे मुंबईच्या पूर्वेला अंशभर, म्हणून पुण्यात बारा वाजतात तेव्हा मुंबईत बाराला चार मिनिटं कमी. पूर्वी ह्याचा कुणाला त्रास नव्हता. आपली घटका-पळं तर सूर्योदयापासूनच मोजायची, आणि लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र पुरायचं. पुणेकर चार मिनिटं पुढे असतो ही गोष्ट पुणेकराला तशीही माहीत असतेच.

घोळ झाला तो आगगाडी आणि तारेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा प्रश्न नव्हता. पण गाड्या लांब जायला लागल्या आणि वेळापत्रक कुठल्या गावाच्या घड्याळाने छापायचं असा पेच पडला. एकाच रुळावर दोन गाड्या आणि दोन स्टेशनमास्तरांची दोन घड्याळं, ही काही गमतीची गोष्ट नव्हे. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि मद्रास साधारण मुंबई-कलकत्त्याच्या मध्ये पडायचं. म्हणून रेल्वेने मद्रास टाईम घेतला. हा मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. स्टेशनात एक वेळ, रस्त्यावर दुसरी. लोकांनी हेही चालवून घेतलं, कारण गाडी रोज थोडीच पकडायची असते?

पण १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (हो, कॉलेजवाले) ह्यांनी हुकूम काढला की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांमध्येही मद्रास टाईम चालेल. शहर भडकलं. व्यापारी, वकील, वर्तमानपत्रं सगळेच विरोधात. सगळ्यात मजेशीर प्रकरण राजाबाई टॉवरचं. विद्यापीठाने टॉवरवरचं घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवायचं ठरवलं. सरकार म्हणालं, मग त्याच्या दिवाबत्तीचा खर्च आम्ही देणार नाही. काटे कुणाचे ह्यावरून सरकार आणि विद्यापीठ दिव्याच्या बिलावर आलं! शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली आणि कचेऱ्या परत बॉम्बे टाईमवर आल्या.

तेवीस वर्षांनी, १ जानेवारी १९०६ ला, इंडियन स्टँडर्ड टाईम आला. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. फरक एकोणचाळीस मिनिटांचा. जुन्या भाषेत दीड घटकेहून जरा जास्त.

आता मला स्टँडर्ड टाईमविरुद्ध बोलायचं असतं तर मी सॉफ्टवेअरमध्ये नसतो. टाइमझोनचा कोड लिहिणाऱ्याला विचारा, साडेपाच तासांतला तो अर्धा तासच किती डोकं खातो ते. त्यात एक्कावन्न मिनिटं असती तर आम्ही नोकरी सोडून शेती केली असती. जगभरचे कॉम्प्युटर ज्या टाइमझोन डेटाबेसवर चालतात, त्यात भारताची नोंद आजही कोलकात्याच्या नावाने आहे आणि तिच्यात आधी कलकत्त्याची, मग मद्रासची, मग १९०६ पासून स्टँडर्ड वेळ अशी उतरंड लावलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशाची घड्याळं तासभर पुढे नेली होती, १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, तेही त्यात आहे. मुंबईची मात्र वेगळी नोंद नाही. १९७० नंतर दोन ठिकाणांच्या घड्याळांत फरक पडला असेल तरच वेगळी नोंद, असा त्या डेटाबेसचा नियम आहे. मुंबईचं भांडण त्याच्या आधीच मिटलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी ते कधी झालंच नाही.

पण ते झालं होतं. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि अशा वेळी सरकार म्हणतंय की उद्यापासून तुमचे बारा हे बारा नाहीत. मुंबई महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी स्टँडर्ड टाईमला विरोध केला. मला त्यांचा मुद्दा फार आवडतो. नवी वेळ खगोलशास्त्राप्रमाणे चूक आहे की बरोबर, ह्यात ते अडकले नाहीत. त्यांचं म्हणणं, लोकांना विचारलं का? नाही ना विचारलं? मग नाही. १९०६ मध्येच पालिकेने आपली घड्याळं बॉम्बे टाईमवर ठेवायचं ठरवलं आणि ती तशीच राहिली. रेल्वे एका वेळेवर, पालिका दुसऱ्या. पुढे मेहता गेले, दोन महायुद्धं झाली, इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी पालिकेचा हट्ट कायम! शेवटी १९५० च्या दशकात तो सुटला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की वाटतं, वा, काय बाणेदार लोक. पण हे भांडण मुख्यतः वकिलांचं आणि नगरसेवकांचं होतं. त्यांना एकोणचाळीस मिनिटांनी झोपमोड होत नव्हती. ज्यांची होत होती ते लोक गिरणगावात होते.

जानेवारी १९०६ मध्ये, नवी वेळ लागू झाल्यावर काही दिवसांतच, मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी कामावर जायला नकार दिला आणि गिरण्यांवर दगडफेक केली. घड्याळावरून दंगा! आज ऐकायला विचित्र वाटतं. पण जरा हिशोब मांडून बघा. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने साधारण सव्वासातला उगवतो. बॉम्बे टाईमने तेव्हा वाजलेले असायचे सहा-छत्तीस. म्हणजे साडेसहाला कामावर जायचं तर जुन्या घड्याळाने तुम्ही उजाडता उजाडता गिरणीच्या दारात. नव्या घड्याळाच्या साडेसहाला मात्र किर्र अंधार, सूर्याला अजून पाऊण तास. चाळीत तुमच्या आधी उठून भाकऱ्या थापणारी बाई तर अजूनच अंधारात.

तुम्ही म्हणाल, सकाळी एकोणचाळीस मिनिटं लवकर गेलो तर संध्याकाळी तेवढेच लवकर सुटू, हिशोब बरोबर. कागदावर बरोबर. पण आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले होते. त्याआधी सूर्य मावळला की मशीन बंद करावं लागायचं, मालकाची इच्छा असो नसो. दिवे आल्यावर ती अट गेली आणि कामाचा दिवस पंधरा-पंधरा तासांपर्यंत लांबला. त्यावरूनही त्या वर्षी गडबड झालीच होती. प्रौढ पुरुषांना कापड गिरणीत बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ उजाडलं. म्हणजे ज्यांच्या संध्याकाळी दिव्यांनी काढून घेतल्या होत्या, त्यांची सकाळही घड्याळाने काढून घेतली. माझा आपला तर्क असा, की दगड एकोणचाळीस मिनिटांना मारलेला नव्हता. "लवकर या" ह्याची खात्री होती आणि "लवकर जा" ह्याची नव्हती, म्हणून मारलेला होता.

हा फरक आपल्याला चांगलाच कळायला हवा. आमच्याकडे कॉल साडेनऊला सरकला म्हणून सकाळी कुणी तासभर उशिरा बोलावत नाही. सकाळचं स्टँडअप आहे तिथेच. बायको म्हणते, तुझं घड्याळ दोन्ही बाजूंनी वाढतं. मुलगी नऊला झोपते, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च तिला गोष्ट सांगायची राहून जाते. चार महिने म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात फार होतात. आणि मी तर खुर्चीत बसलेला माणूस. रात्रीच्या शिफ्टच्या लोकांना घरी सोडणारा गाडीचा ड्रायव्हर, त्याचाही तास सरकतो. कॅलेंडर इनव्हाइटमध्ये त्याचं नाव नसतं.

म्हणून मेहतांचा तो साधा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. स्टँडर्ड टाईम बरोबरच होता. जागतिक टीम एकाच वेळी बोलली पाहिजे हेही बरोबर आहे. पण एखादी गोष्ट बरोबर आहे, म्हणून ज्याच्या अंगावर ती पडणार त्याला विचारायचं नाही, हे कुठलं लॉजिक? सरकारी वेबसाइट एका रात्रीत फॉर्म बदलते, बँक एका मेसेजवर नियम बदलते, कंपनी एका इनव्हाइटवर वेळ बदलते, आणि आपण ओके दाबतो. ओके शेजारी दुसरं बटणच नसतं.

दुसरं बटण मागून घेता येतं, हे सुद्धा गिरणगावानेच दाखवलंय. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. मागण्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सुरुवातीला घड्याळ आणि शेवटाला सूर्य! विजेचे दिवे यायला अजून वीसेक वर्षं होती, पण मेख बरोबर ओळखली होती. नंतर सहा वर्षं अर्ज, सभा, परत अर्ज. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने आठवड्याची एक सुट्टी मान्य केली.

बाकीच्या मागण्या पुढच्या लोकांवर सोडाव्या लागल्या. पण रविवार मिळाला. हे लिहायला मला जो निवांत वेळ मिळाला, तो त्याच रविवारातला आहे. उद्या सोमवार. मी मॅनेजरला एक साधी मेल टाकणार आहे, की हिवाळ्यात कॉल आळीपाळीने ठेवूया, एक आठवडा तुमच्या सोयीने, एक आठवडा आमच्या. टीममधल्या नऊ जणांना विचारलं, सात जण सही करायला तयार आहेत. साडेपाच हजार नाहीत, पण आमच्या मजल्यावर तेवढे लोकही नाहीत.