स्पॅनिश भाषक आणि व्यवस्थापनाची इंग्रजी

व्यवस्थापन सल्लागारीच्या व्यवसायात शिरणाऱ्या स्पॅनिश भाषकाला इंग्रजीचा जो प्रगत शब्दसंग्रह आत्मसात करावा लागतो, तो सर्वस्वी परक्या मुलखातून आलेला आहे, असा समज या विषयाच्या अनेक पाठ्यपुस्तकांच्या मांडणीतून होतो. परंतु या शब्दांची वंशावळ तपासली असता हा समज फारसा टिकत नाही. इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांच्या व्यापारी शब्दभांडारात लॅटिनचा मोठा वाटा आहे आणि स्पॅनिशच्या बाबतीत त्यात अरबीची भर पडलेली आहे. इबेरियन द्वीपकल्पावर आठव्या ते पंधराव्या शतकांत अरबी भाषेचा जो वावर होता, त्यातून स्पॅनिशला जकात कार्यालयासाठी ‘आदुआना’, कोठारासाठी ‘आल्मासेन’ आणि दरपत्रकासाठी ‘तारीफा’ हे शब्द मिळाले. यांतील पहिला शब्द ‘दिवाण’ या मूळ फारसी शब्दाचा अरबीमार्गे झालेला अवतार आहे, दुसरा शब्द ज्या अरबी धातूपासून निघाला त्याच धातूपासून ‘खजिना’ निघाला आणि तिसरा तर ‘तारीफ’ या शब्दाचा सख्खा भाऊ होय. मराठी वाचकाच्या रोजच्या बोलण्यातील हे तीन शब्द स्पेनच्या बंदरांतील हिशेबवह्यांचे असे दूरचे नातलग आहेत.

समुद्रावर स्पेनची सत्ता होती त्या काळात उसनवारीचा ओघ स्पॅनिशकडून इंग्रजीकडे होता. सरकारी हुकमाने जहाजे बंदरात अडकवून ठेवणे किंवा व्यापार रोखणे या अर्थाचा ‘एम्बार्गो’ आणि जहाजावरील मालासाठीचा ‘कार्गो’ हे दोन्ही शब्द इंग्रजीने स्पॅनिशकडून घेतले. आठ रेआलांचे स्पॅनिश चांदीचे नाणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते, एवढे सांगितले तरी त्या काळी व्यापाराची भाषा कोणाच्या टांकसाळीत घडत होती हे ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकात पारडे फिरले. अंदालुसियातील रिओ तिंतोच्या तांब्याच्या खाणी स्पेनच्या सरकारने १८७३ मध्ये एका ब्रिटिशप्रधान गटाला विकल्या आणि त्या १९५४ पर्यंत लंडनस्थित कंपनीच्या ताब्यात राहिल्या. तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी बेया विस्ता नावाची वेगळी वसाहत उभारण्यात आली, तर जवळच्या वेल्वा शहरात याच ब्रिटिशांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये स्पेनमधील सर्वांत जुना मानला जाणारा फुटबॉल क्लब स्थापन झाला. खाणीचा कारभार इंग्रजीतून चाले आणि खाणीतील मजुरी स्पॅनिशमधून. म्हणजे इंग्रजी ही वरिष्ठांची भाषा होती, मात्र ती भाषा शिकून वर चढण्याची वाट मजुरांसाठी जवळजवळ बंदच होती.

तथापि, स्पेनच्या सुशिक्षित वर्गाची पहिली परकीय भाषा इंग्रजी नव्हती. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत तेथील शाळांत फ्रेंचचे वर्चस्व होते आणि स्पेनच्या व्यापारी कायद्यावरही फ्रेंच कायदेपद्धतीची छाप होती. संगणकाला स्पेनमध्ये फ्रेंच शब्दावरून ‘ओर्देनादोर’ म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत इंग्रजी वळणाने ‘कोम्पुतादोरा’, यामागे हाच इतिहास आहे. व्यवस्थापनाच्या परिभाषेचा विचार करताना हा फ्रेंच थर नजरेआड केला तर पुढील पुष्कळ गोष्टी उलगडत नाहीत.

खरे वळण आले ते शीतयुद्धाच्या राजकारणातून. अमेरिका आणि हुकूमशहा फ्रँकोचे स्पेन यांच्यात १९५३ मध्ये माद्रिदचा करार झाला. त्यानंतर लष्करी तळांच्या बदल्यात आर्थिक मदत आली आणि त्या मदतीबरोबर उत्पादकतेचे शास्त्रही आले. माद्रिदमध्ये १९५५ साली औद्योगिक संघटनेचे शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली, बार्सिलोनात १९५८ मध्ये ‘इएसे’ आणि ‘एसादे’ या दोन व्यवस्थापन संस्था सुरू झाल्या आणि १९५९ च्या स्थिरीकरण योजनेने बंदिस्त अर्थव्यवस्थेची दारे किलकिली केली. ‘इएसे’ने १९६३ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संयुक्त समितीद्वारे नाते जोडले आणि पुढच्याच वर्षी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अटलांटिकच्या पलीकडेही हेच घडत होते. पेरूतील लिमा येथे १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने ‘एसान’ ही संस्था, मध्य अमेरिकेसाठी १९६४ मध्ये हार्वर्डच्या मार्गदर्शनाखाली ‘इन्काए’ आणि मेक्सिकोत १९६७ मध्ये ‘इपादे’ अशा संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. या संस्थांनी हार्वर्डची प्रकरण-पद्धती, म्हणजे एखाद्या कंपनीपुढील प्रत्यक्ष पेचप्रसंगाचे टिपण वाचून वर्गात त्यावर निर्णय घेण्याची रीत, स्पॅनिशमध्ये आणली आणि ती आणताना शेकडो संज्ञांना स्पॅनिश प्रतिशब्द शोधणे भाग पडले. भाषांतराचे हे काम माद्रिद, लिमा, मेक्सिको अशा दूरदूरच्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता झाले, ही बाब पुढील सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

ज्या परिभाषेचे हे भाषांतर चालले होते ती स्वतःच तेव्हा घडत होती. सेनापतीच्या कौशल्याला उद्देशून असलेला ‘स्ट्रॅटेजी’ हा मूळ ग्रीक शब्द उद्योगाच्या क्षेत्रात रुळला तो आल्फ्रेड चँडलर यांच्या १९६२ च्या आणि इगॉर अँसॉफ यांच्या १९६५ च्या ग्रंथांनंतर. मराठीत त्यासाठी ‘व्यूहरचना’ हा शब्द रूढ झाला, तोही रणांगणातूनच उचललेला. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप ही सल्लागार कंपनी १९६३ मध्ये स्थापन झाली आणि १९७० मध्ये तिने बाजारातील वाटा व वाढीचा वेग या दोन कसोट्यांवर कंपनीच्या व्यवसायांची चार घरांत विभागणी करणारा तक्ता प्रसिद्ध केला. त्या तक्त्यात थोड्या गुंतवणुकीवर सतत रोकड देणाऱ्या व्यवसायाला इंग्रजीत रोकड देणारी गाय म्हटले जाते. स्पॅनिशमध्ये तिची ‘वाका लेचेरा’, म्हणजे शुद्ध दुभती गाय झाली. रोकड गेली आणि दूध आले. मूळ संज्ञेपेक्षा हे भाषांतर सरस आहे, कारण चाऱ्याचा खर्च आणि दुधाचा उतारा यांचा हिशेब ज्याने घातला आहे त्या कोणालाही ते विनास्पष्टीकरण कळते.

सगळीच भाषांतरे अशी एकमुखी नव्हती. संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके एका चौकटीत मांडण्याच्या रीतीला स्पेनमध्ये ‘दाफो’ म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक भागांत ‘फोदा’. दोन्ही आद्याक्षरी संज्ञांत शब्द तेच आहेत, फक्त क्रम वेगळा. स्पेनमध्ये सुरुवात ‘देबिलिदादेस’ म्हणजे उणिवांपासून होते आणि लॅटिन अमेरिकेत ‘फोर्तालेसास’ म्हणजे बलस्थानांपासून. १९९० च्या दशकात स्पेनच्या दूरध्वनी कंपन्या आणि बँका लॅटिन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गुंतवणूक करू लागल्या, तेव्हा एकाच भाषेचे दोन सहकारी एकाच तक्त्याला दोन नावांनी ओळखतात हे उघड झाले. अशा वेळी इंग्रजी नाव दोन्ही बाजूंना सोयीचे ठरे. इंग्रजी संज्ञा स्पॅनिशमध्ये जशाच्या तशा वापरल्या जातात यास केवळ मिरवण्याची हौस कारणीभूत आहे, असे शुद्धिवादी अभ्यासक म्हणत आले आहेत. परंतु वीस देशांत विखुरलेल्या भाषेला तटस्थ शब्दाची गरज भासते, हे कारण अधिक वजनदार आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हिशेबशास्त्रात आढळते. एखादी कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा अधिक किमतीला विकत घेतली जाते, तेव्हा तो जादा फरक ज्या नावाखाली ताळेबंदात नोंदवला जातो, त्यास इंग्रजीत ‘गुडविल’ आणि मराठीत ‘नावलौकिक’ म्हणतात. स्पेनमध्ये त्यासाठी फ्रेंचवरून घेतलेला ‘फोन्दो दे कोमेर्सिओ’, मेक्सिकोत ‘क्रेदितो मेर्कांतील’, अर्जेंटिनात ‘याबे दे नेगोसिओ’, म्हणजे धंद्याची किल्ली, हे शब्द चालतात आणि आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांच्या स्पॅनिश अनुवादात ‘प्लुसबालिया’ हा चौथाच शब्द आहे. त्यांतील धंद्याची किल्ली हा शब्द विशेष मोलाचा आहे. दुकानाची किल्ली हातात येते तेव्हा तिच्यासोबत गिऱ्हाइकांची सवयही येते, ही जाण त्या शब्दात साठवलेली आहे.

या पार्श्वभूमीवर इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकाची अडचण नेमकी कोठे आहे, हे स्पष्ट होते. ज्यांना अवघड समजून शब्दसूच्यांत मानाचे स्थान दिले जाते, ते लांबलचक लॅटिन शब्द त्याच्या ओळखीचेच असतात; मात्र ओळखीचा चेहरा असूनही ज्यांचा अर्थ निराळा आहे, असे शब्द त्याला फसवतात. ‘कोम्प्रोमिसो’ म्हणजे बांधिलकी, परंतु इंग्रजी ‘कॉम्प्रमाइझ’ म्हणजे तडजोड. ‘एवेन्तुआलमेन्ते’ म्हणजे प्रसंग पडल्यास, तर इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे सरतेशेवटी. मुदतीबाबत आमची ग्राहकाशी बांधिलकी आहे आणि प्रसंग पडल्यास आम्ही खर्च कमी करू, असे स्पॅनिशमध्ये योजलेले वाक्य या शब्दांनिशी इंग्रजीत उतरले की, मुदतीबाबत आमची ग्राहकाशी तडजोड झाली आहे आणि सरतेशेवटी आम्ही खर्च कमी करूच, असे होते. व्याकरणाची एकही चूक न करता सल्लागाराने वचन मागे घेतलेले असते आणि जे द्यायचे नव्हते ते वचन दिलेले असते.

संख्यांच्या बाबतीत हा धोका सर्वांत गंभीर आहे. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे दशलक्ष दशलक्ष, मराठी मोजणीत एक लाख कोटी. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे मात्र शंभर कोटी, आपला एक अब्ज. दोहोंत हजारपटीचे अंतर आहे. ब्रिटनमध्येही पूर्वी मोठे परिमाणच चाले; हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने १९७४ मध्ये अमेरिकी परिमाण अधिकृतपणे वापरत असल्याचे संसदेत स्पष्ट केले. स्पॅनिशने आपले परिमाण सोडले नाही. त्याऐवजी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष राफाएल काल्देरा यांच्या सूचनेवरून स्पॅनिश राजअकादमीने १९९५ मध्ये शंभर कोटींसाठी ‘मियार्दो’ हा शब्द मान्य केला. एका राष्ट्राध्यक्षाने शब्दकोशात भर घालण्यासाठी अकादमीकडे जावे, यावरून या प्रश्नाची निकड दिसते. तरीही सामान्य व्यवहारात लोक ‘मिल मियोनेस’, म्हणजे हजार दशलक्ष, असेच म्हणत राहिले आहेत.

काही ठिकाणी मात्र स्पॅनिशने इंग्रजी संकल्पनेसाठी आपल्याच शब्दांना नवे रूप दिले. ‘एम्पोदेरार’ हे जुन्या स्पॅनिशमधील, वापरातून जवळपास गेलेले क्रियापद होते. इंग्रजीतील अधिकारप्रदानाच्या संकल्पनेसाठी शब्द हवा होता तेव्हा तेच नव्या अर्थाने पुन्हा उभे राहिले आणि अकादमीच्या २०१४ च्या कोशात तो अर्थ नोंदला गेला. कर्जाच्या बळावर नफ्याचा पट वाढवण्यास इंग्रजीत ‘लिव्हरेज’ म्हणतात, स्पॅनिशने त्यासाठी तरफेच्या ‘पालान्का’ या शब्दापासून ‘आपालान्कामिएन्तो’ घडवला आणि कारखान्यातील लोखंडी पहारीची प्रतिमा ताळेबंदात आणून बसवली.

लॅटिन वारशाचा आधार जेथे मुळीच मिळत नाही, तो भाग म्हणजे इंग्रजीतील ‘गेट’, ‘पुट’, ‘रन’ यांसारख्या एकाक्षरी क्रियापदांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ अशी अव्यये जोडून बनलेले प्रयोग. उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करणे, कंपनीचा विभाग वेगळा काढून स्वतंत्र करणे, वरिष्ठांची मनापासून संमती मिळवणे, या सल्लागाराच्या रोजच्या कामांची इंग्रजी नावे अशाच तुटक शब्दांनी बनलेली आहेत. लंडनच्या सभागृहात बसलेला माद्रिदचा किंवा बोगोताचा सल्लागार अहवालातील जड परिच्छेद बिनचूक वाचतो, पण चहाच्या सुट्टीत दोन इंग्रज सहकारी आपसांत दोन-दोन अक्षरांच्या शब्दांत जे ठरवतात ते त्याच्या हातून निसटते. स्पॅनिश बँक सान्तान्देरने २००४ मध्ये ॲबी नॅशनल ही ब्रिटिश बँक विकत घेतली, तेव्हा रिओ तिंतोच्या काळातील वरिष्ठ-कनिष्ठ नाते उलटे झाले आणि मालक स्पॅनिश भाषक ठरले. शाखांतील कामकाजाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली आणि ही लहान क्रियापदे शिकण्याची पाळी या वेळी मालकांवर आली.