कुंपणाची किंमत : वऱ्हाडातले जिन आणि अमेरिकेतले बेसबॉल संघ

१८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा येण्याचे कारण कापूस हे होते. मुंबईहून नागपूरला जाणारी मुख्य लाइन १८६७ मध्ये पुरी झाली होती. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे तिच्यावर आली आणि वऱ्हाडातल्या मोठ्या कापूसपेठांपैकी एक असलेले खामगाव मात्र बाजूला राहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण पेठ टिकली. १९०५ मध्ये अकोल्याकडून बुलढाणा जिल्ह्यात आलेल्या या गावाने पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जो व्यवहार पाहिला, त्यावरून आज जगभर विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता येते. बेसबॉलचा एखादा संघ शेकडो कोटी डॉलरना का विकला जातो? लोक म्हणतात, खेळ लोकप्रिय आहे म्हणून. माझे म्हणणे असे की लोकप्रियतेने पैसा येतो खरा, पण संघाची किंमत ठरते ती त्या पैशाभोवतीच्या कुंपणाने. कुंपण मजबूत असेल तर हरणारा संघही सोन्याच्या मोलाचा ठरतो. ते मोडके असेल तर उत्तम चालणारा धंदाही कवडीमोल होतो.

आधी जिनचा धंदा नीट समजून घेऊ. बोंडातून वेचलेल्या कापसाच्या वजनात साधारण एक तृतीयांश रुई आणि बाकी सगळी सरकी असते. म्हणजे शेतकऱ्याने तीन मण कापूस बंडीत भरला तर त्यातला एकच मण मुंबईला जाण्याजोगा. जिनमध्ये चामड्याच्या खरखरीत रुळावर कापूस पसरत जातो, रूळ तंतू ओढून घेतो, रुळाला टेकलेली पोलादी पट्टी सरकीला अडवते आणि मोकळी झालेली सरकी जाळीतून खाली पडते. पुढे निघालेली रुई इतकी हलकी आणि फुगीर असते की ती तशीच वॅगनमध्ये भरली तर भाडे अंगावर येते. म्हणून शेजारीच प्रेस हवी. तिथे रुई दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिच्या गाठी बांधायच्या. सरकीचे ओझे लांब वाहून न्यायचे नाही आणि सुटी रुई रेल्वेत चढवायची नाही, या दोन अडचणींमुळे जिन-प्रेस गावाजवळ आणि स्टेशनाजवळच असावी लागली. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला दुसरीकडे जाणे परवडत नव्हते. जिनवाल्याचे खरे भांडवल यंत्रात जितके होते, तितकेच या अडून राहिलेल्या मुलखात होते.

कापसाच्या मोसमात, दिवाळीपासून पुढचे काही महिने, ही यंत्रे धडधडत आणि उरलेले वर्ष बंद राहत. एका गावात दोन जिन असताना दोघांचे बरे चाले. आठ-दहा झाले की दर पाडण्याची चुरस लागे आणि कुणालाच काही उरत नसे. यावर वऱ्हाड, मध्यप्रांत आणि खानदेशातल्या कारखानदारांनी जो तोडगा काढला, त्याला ‘पूल’ म्हणत. गावातले सगळे जिनवाले एकत्र येऊन रुई काढण्याचा एकच दर ठरवीत, मिळकत एका सामायिक खात्यात जमा करीत आणि कारखान्याच्या क्षमतेप्रमाणे वाटून घेत. काही कारखाने मोसमभर कुलूपबंद राहत आणि तरी त्यांना हिस्सा मिळे. ब्रिटिश काळातल्या कापूसविषयक सरकारी चौकश्यांनी या प्रथेची दखल घेतली, ती शेतकऱ्याकडून जास्त दर उकळला जातो या तक्रारीमुळे. पण अर्थशास्त्राच्या नजरेने तिचा अर्थ आणखी खोल आहे. बंद पडलेल्या कारखान्यालाही उत्पन्न मिळते, तेव्हा त्या कारखान्याची किंमत त्याच्या कामावर उरत नाही. वर्तुळातली त्याची जागा हीच त्याची किंमत होते.

मग वऱ्हाडातल्या जिनवाल्यांच्या वारसांकडे आज बेसबॉलच्या मालकांसारखी संपत्ती का नाही? कारण पुलाला दार होते, पण दाराला कडी नव्हती. पुलामुळे दर चढले की बाहेरचा एखादा व्यापारी त्याच गावात नवा जिन उभा करी. हेतू बरेचदा रुई काढण्याचा नसे. ‘मला पुलात घ्या, नाहीतर मी दर पाडतो,’ एवढे म्हणण्यासाठी तो जिन असे. त्याला घ्यावेच लागे. वाटेकरी वाढत, प्रत्येकाचा हिस्सा आटे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त यंत्रे उभी राहत आणि पूल फुटे. नव्या कारखान्याला मनाई करण्याचा हक्क जुन्यांना कुणी दिला नव्हता. बाजाराच्या बाबतीत सरकारने कुंपण घातले होते. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अधिकृत बाजाराजवळ दुसरा खाजगी बाजार भरवायला बंदी केली, म्हणून खामगावचा बाजार टिकून राहिला. जिनला असे कवच मिळाले नाही.

बेसबॉलची गोष्ट इथून वेगळी वाट धरते. अमेरिकेतली नॅशनल लीग १८७६ मध्ये स्थापन झाली, १९०१ मध्ये अमेरिकन लीग तिच्या तोडीची म्हणून उभी राहिली आणि १९०३ मध्ये दोघींनी करार करून एकमेकींचे खेळाडू व शहरे मान्य केली. संघ सोळाच राहिले, आणि ही संख्या १९६० पर्यंत बदलली नाही. जिनला पंचक्रोशी जखडलेली होती, तसे इथे प्रत्येक संघाला आपले शहर जखडून दिले गेले. मग वऱ्हाडातल्यासारखाच बाहेरचा माणूस आला. फेडरल लीग नावाची तिसरी संघटना १९१४ आणि १९१५ चे दोन मोसम खेळली, खेळाडू पळवले, पगार वाढवले. जुन्या मालकांनी तिच्या बहुतेक मालकांना पैसे देऊन किंवा आपल्यात सामावून घेऊन ती मिटवली. बाल्टिमोरचा संघ तेवढा उपाशी राहिला आणि कोर्टात गेला. १९२२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल लिहिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. १९५३ आणि १९७२ मध्ये हाच प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला, तेव्हाही ती सूट कायम राहिली. जिनवाल्यांना जी कडी मिळाली नाही, ती बेसबॉलच्या मालकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बसवून दिली.

त्यानंतर आत यायचे तर आधीच्या मालकांची संमती आणि त्यांनी सांगितलेली किंमत, हे दोन्ही लागते. १९९३ मध्ये कोलोरॅडो आणि फ्लोरिडा या संघांनी प्रवेशापोटी प्रत्येकी साडेनऊ कोटी डॉलर मोजले, १९९८ मध्ये ॲरिझोना आणि टँपा बे यांनी प्रत्येकी १३ कोटी. आज तीसच संघ आहेत. देशव्यापी प्रक्षेपणाचा पैसा तीस सारख्या वाट्यांत जातो. शिवाय प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग सामायिक खात्यात जाऊन सगळ्यांत वाटला जातो. हा तर सरळ पूलच झाला, आणि कुलूपबंद जिनचा नमुनाही त्यात सापडतो. याच फ्लोरिडाच्या मार्लिन्सला २००२ मध्ये नव्या मालकाने सुमारे १५.८ कोटी डॉलरना विकत घेतले. २००३ चे विजेतेपद सोडले तर त्याच्या काळात संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही, मैदान बहुतेक मोसमांत रिकामे दिसे. २०१७ मध्ये तोच संघ १२० कोटी डॉलरना विकला गेला. पंधरा वर्षांत सातपटीहून अधिक वाढ झाली आणि तिचे श्रेय मैदानावरच्या कामगिरीला देणे कठीण आहे. तीसातली एक जागा मार्लिन्सकडे होती, हेच तिचे कारण.

आपल्याकडे आयपीएलने हाच वस्तुपाठ अधिक झपाट्याने गिरवला. २००७ मध्ये झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, तेव्हा क्रिकेट मंडळाने तिच्यात खेळणाऱ्यांना दारे बंद केली आणि दोन वर्षांत ती आटोपली. २००८ मध्ये मुंबईचा संघ ११.१९ कोटी डॉलरना गेला. २०२१ मध्ये लखनौसाठी ७,०९० कोटी आणि अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी रुपये मोजले गेले. महिलांच्या लीगचे पाच संघ जानेवारी २०२३ मध्ये एकूण ४,६६९.९९ कोटींना विकले गेले, तेव्हा त्या स्पर्धेत एकही चेंडू पडलेला नव्हता, एकही खेळाडू निवडलेला नव्हता. न खेळलेल्या संघाला किंमत येते, तेव्हा ती खेळाची नसते हे उघड आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये मंडळाला ५२.२४ कोटींचा दंड केला, त्याचा रोख नेमका या कुंपणावर होता. दुसऱ्या कुठल्याही स्पर्धक लीगला मान्यता देणार नाही, असे आश्वासन मंडळाने प्रक्षेपणाच्या करारात दिले होते. तो आदेश अपिलात रद्द झाला आणि २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले आणि त्यातला साधारण निम्मा पैसा संघांच्या सामायिक वाट्याला येतो, हे लक्षात घेतले की प्रवेशासाठी सात हजार कोटी मोजणारा उद्योगपती वेडा नव्हता हे कळते.

यावर पहिला आक्षेप असा की प्रेक्षकांचे प्रेम नसेल तर कुंपणाला अर्थ काय? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो धरूनच आहे. कापूस नसता तर जिनही नसता. पण प्रेम एकटेच किंमत ठरवीत असते, तर इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांचे हाल झाले नसते. तिथे १८८८ पासून लीग आहे, चाहते पिढ्यान् पिढ्या एका क्लबला चिकटून आहेत, पण हरणारा खालच्या श्रेणीत जातो आणि जिंकणारा वर येतो. जागा कायमची नाही. लीड्स युनायटेडसारखा मातबर क्लब २००४ मध्ये वरच्या श्रेणीतून घसरला आणि आर्थिक गर्तेत गेला. बरी या जुन्या क्लबला २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकले गेले. प्रेम दोन्हीकडे सारखे, फरक दाराचा. दुसरा आक्षेप असा की संघांचा वार्षिक नफा किमतीच्या मानाने तुटपुंजा असतो, म्हणून ही धनिकांची हौस आहे. हौस असेलही. पण हौशी माणसाला विकत घ्यायला दुसरा संघ मिळत नाही, म्हणूनच त्याला वाढीव किंमत मोजावी लागते. तिसरा आक्षेप पुण्याचा. सहाराने २०१० मध्ये पुणे वॉरियर्ससाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली आणि २०१३ मध्ये अंग काढून घेतले. ते उदाहरण कुंपणाची मर्यादा दाखवते. बोली जितक्या सामन्यांवर लावली त्यापेक्षा कमी सामने मिळाले, ही त्यांची तक्रार होती. सामायिक खात्यात येणाऱ्या पैशाचा अंदाज चुकला की कुंपणातली जागाही महाग पडते. मात्र जागा मौल्यवान असते हे त्याने खोटे ठरत नाही.

म्हणून मला मालकांच्या नफ्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो तो कुंपणावरच्या हक्काचा प्रश्न. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी करंडकाची बाजी मारली. तरी बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या या मुलखाला आयपीएलमध्ये स्वतःचा संघ नाही, आणि मैदानावर कितीही जिंकले तरी त्या जोरावर तो मिळणारही नाही. कर्तबगारीने दार उघडत नाही, ही बंद वर्तुळाची खरी किंमत आहे आणि ती प्रेक्षक व खेळाडू मोजतात. वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १८९७ च्या कायद्याने बाजाराला संरक्षण दिले, पण बाजार समितीत वर्चस्व व्यापाऱ्यांचे राहिले. कापूस पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती आणि १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाच्या अहवालात या त्रुटीवर बोट ठेवले गेले. पुढे १९३२ चा मध्यप्रांताचा कायदा आला आणि अखेर महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बाजार समितीत बहुमत दिले. त्या समित्या आज कशा चालतात यावर वाद होऊ शकतो, पण तत्त्व बिनतोड आहे. सार्वजनिक संमतीने घातलेल्या कुंपणावर सार्वजनिक हक्क असला पाहिजे. बेसबॉलला न्यायालयाची सूट आहे आणि शहरांच्या करातून बांधलेली मैदाने आहेत. आपल्या क्रिकेट मंडळाला देशाच्या नावाने संघ निवडण्याचा अधिकार आहे. दोघांची मक्तेदारी समाजाने दिलेल्या सवलतीवर उभी आहे. मग नवे संघ किती आणि कुठे असावेत, सामायिक पैशातून जिल्ह्यांच्या मैदानांना काय मिळावे, हे फक्त आतल्या मालकांनी ठरवणे न्याय्य नाही. कापसाच्या बाजारात एवढी गोष्ट पदरात पडायला सहासष्ट वर्षे लागली. खेळाच्या बाजारात ती मागणी अजून नीट मांडलीही गेलेली नाही, आणि ती मांडण्याचा अधिकार वऱ्हाडाइतका क्वचितच कुणाला असेल.